चण्याची जागल

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात चण्याला घाटे धरू लागले की पुरुष माणसं रात्री घरी नसतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाची माती करतो. रोही, म्हणजे नीलगायी, काट्याच्या कुंपणावरून सहज उडी घेतात. म्हणून वावरात चार बल्ल्या रोवून मचाण बांधायचं, घोंगडी, बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा घ्यायचा आणि रात्रभर जागल करायची. पंपाची लाइनही पाळीनं रात्रीची येते, म्हणजे ओलितासाठीही जागावंच लागतं. पूर्वी एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावर हाका जायच्या, कोणी खड्या आवाजात भजन धरायचं. आता प्रत्येक मचाणावर मोबाइल असतो.

तिथं जागलीला जाणारा एक पोरगा होता. तिशीच्या आतला, लग्न झालेला, कामाला वाघ. दारू नाही, खर्रा नाही, गावात नाव चांगलं. पण मचाणावर चढला की घोंगडीच्या आत उजेड पडायचा आणि तो अश्लील चित्रफिती पाहत बसायचा. एक संपली की दुसरी. पाहावंसं वाटत नसतानाही अंगठा सरकत राहायचा. पहाटे स्वतःचीच शिसारी यायची, घरी आल्यावर बायकोकडे मान वर करून बघवत नसे. तिच्याशी बोलणं तुटलं, जवळ जाणंही तुटलं. दिवस असा खाली मानेनं काढायचा आणि रात्री पुन्हा तेच.

सुटायचे उपाय त्यानं कमी केले नव्हते. कळंबच्या चिंतामणीसमोर हात जोडून शपथ घेतली होती. मोबाइल बायकोच्या पेटीत ठेवून साधा फोन वापरून पाहिला होता. शपथ मोडली की आधीच्या लाजेवर नवी लाज चढायची आणि ती लाज विसरायला तो पुन्हा त्याच पडद्याकडे वळायचा. ही गाठ फार जण ओळखत नाहीत. लाजेनं माणूस सुधारतो असं आपण धरून चालतो. इथं लाजच त्याला परत ढकलत होती.

पौषातल्या एका रात्री डुकरं वावरात शिरली. शेजारच्या वावरातले काकाजी डबा बडवत ओरडत राहिले. पोराच्या कानात इअरफोन होते. शेवटी काकाजी धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून आले आणि मचाणाच्या शिडीवर चढले, तेव्हा त्यांना घोंगडीतला उजेड दिसला. त्यांनी पडद्याकडून नजर काढून घेतली आणि खाली उतरून एकट्यानं डुकरं हाकलली. सकाळी बापानं विचारलं, "झोपला व्हता का?" पोरगा म्हणाला, "हाव." काकाजी तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

त्या गप्प राहण्यानंच पोरगा संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "काकाजी, तुमच्या पायाची शपथ घेतो..."

"शपथ नोको घेऊ बापू. आजवर घेतल्या तेवढ्या पुरे झाल्या. मले सांग, जागल्या जागा असला म्हणजे डुकरं येतच नाई का?"

"येतेत ना. धुऱ्यावर येऊन ठाकतेत."

"मंग तू काय करतं? अंधारात त्याइच्या मांगं पयतं?"

"पयलो त फाडून टाकतीन. बॅटरी मारतो, पाह्यत रायतो. जागा हाये म्हनून समजलं का जातेत निंगून."

"मंग मनात इच्छा आली का तिच्या मांगं काहून पयतं? आली म्हनून पाह्य. ठाकू दे तिले धुऱ्यावर."

काकाजी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि विदर्भातल्या गावोगावी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सांजेची सामुदायिक प्रार्थना रुजवली. या गावातही पहाटे मंदिरात पाच-दहा माणसं सतरंजीवर बसतात. काकाजींनी बायको गेल्यावर नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्मनाग केंद्रात विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिरही केलं होतं. तिथं फोन जमा करावा लागतो, बोलणं बंद असतं आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. तेवढंच त्यांनी पोराला शिकवलं. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. मन गेलं की गेलं हे ओळखायचं आणि परत आणायचं.

मंदिरातल्या पहिल्या पहाटा वाईट गेल्या. डोळे मिटले की श्वास दिसण्याऐवजी तीच चित्रं दिसायची, आणि देवाच्या दारात हे दिसतं म्हणून तो घाबरून उठून जायचा. काकाजी एवढंच म्हणाले, "येऊ दे. तू उठू नोको." तो बसू लागला. मग त्याला एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत कळली नव्हती. ओढ आली की आधी छाती आवळते, तळहात गरम होतात, तोंड कोरडं पडतं. ती चढत जाते, असह्य होते, आणि काहीच केलं नाही तर थोड्या वेळानं आपोआप उतरते. ती कधी उतरते हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं, कारण प्रत्येक वेळी उतरायच्या आधीच तो मोबाइल उघडत आला होता.

वैशाखात तो पुन्हा घसरला. वावर रिकामं, ऊन मरणाचं, हाताला काम नाही, आणि सोसायटीच्या कर्जाची नोटीस आलेली. त्यानंतर तो ध्यानाला येईना. काकाजीच घरी गेले. कितीदा पाहिलं, का पाहिलं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. "पाह्याच्या आधी काय झालतं?" एवढंच विचारलं. तेव्हा नोटीस निघाली, बापाशी झालेलं भांडण निघालं. त्या दिवशी छातीत आवळलं होतं ते कर्जानं, हे दोघांनाही दिसलं. मला या गोष्टीतला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग काकाजींनीच त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. डॉक्टरांनी झोप, चिंता, कर्ज सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अनावर लैंगिक वर्तन हा ताबा सुटण्याचा विकार म्हणून नोंदलेला आहे. मात्र नुसतं पाप केल्यासारखं वाटतं एवढ्यावरून कोणाला आजारी ठरवायचं नाही, असंही तिथंच स्पष्ट केलेलं आहे. अमेरिकेतल्या युटामधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा चित्रफिती पाहणं सुटत नसलेल्या २८ पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा बैठकांमध्ये त्या पुरुषांना ओढ दडपायला नव्हे, तर ती असतानाही आपल्याला मोलाचं वाटतं ते करायला शिकवलं गेलं. त्यांचं पाहणं नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. प्रयोग लहान होता, पण ओसरीवर जे बोलणं झालं होतं त्याच वाटेचा होता.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. एका रात्री चूल विझल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती रागावेल, माहेरी जाईल, असं त्याला वाटलं होतं. ती भिंतीला टेकून बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मले वाटे, माह्यातच काही खोट हाये." तिनं हे किती दिवस मनात धरलं होतं, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. त्या रात्री तिनं त्याला माफ केलं नाही. मोबाइल मात्र परत पेटीत ठेवला नाही. तो तिनं त्याच्याच हातात दिला.

पुढच्या पौषात दोघं मिळून जागलीला जाऊ लागली. तो पहाटे ध्यानाला बसतो, ओढ अजूनही येते. क्वचित घसरतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी काकाजींना जाऊन सांगतो.

प्रत्येकाच्या धुऱ्यापलीकडे काकाजी असतीलच असं नाही. अशा वेळी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि जागलीच्या रात्रीही तो सुरू असतो. आणि तुमच्याकडे कोणी असं सांगायला आलं, तर कितीदा केलंस हे विचारू नका. आधी काय झालं होतं, ते विचारा.