वहीतला नायक

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक माता कार्यालयात आली आणि तिने एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. "फादर, हे वाचा आणि तिला काय ते समजावा. हे पाप तर नाही ना?" वही तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीची होती. मुलीची परवानगी मिळेपर्यंत मी ती उघडली नाही. दुसऱ्याची वही वाचणे हे दुसऱ्याचे पत्र फोडण्यासारखेच आहे. परवानगी मिळाली, आणि तीही काहीशा अभिमानाने.

वहीत एक प्रेमकथा होती. सोल शहरातील एक विख्यात गायक गर्दीला कंटाळून, तोंडावर मास्क चढवून भारतात येतो आणि कसा कोण जाणे, भाईंदर स्टेशनवर उतरतो. तेथे त्याला दोन मैत्रिणी भेटतात. एकीच्या घरी तो बोंबलाचे कालवण खातो आणि 'असे अन्न मी जन्मात चाखले नाही' म्हणतो. दुसरी त्याला उत्तनच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी दाखवायला नेते. तो कोणाचा, यावरून पुढे दोघींत अबोला. वाचताना मला अनेकदा हसू आले, हे कबूल करतो.

प्रेमकथेवर धर्मगुरूने काय बोलावे, असे कोणी विचारील. परंतु हे वेड आजचे नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला, तेव्हा आमच्या पिढीतील शहाणीसुरती माणसेही आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हती. त्याच्याही दीडशे वर्षे आधी पियानोवादक लिस्टच्या मागे युरोपातील स्त्रिया अशा धावल्या की, कवी हाईनने १८४४ साली त्या वेडाला लिस्टचेच नाव दिले.

तरीही त्या मातेची भीती निराधार म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातील तीन अल्पवयीन मुलींनी स्वतःच्याच अपहरणाचा बनाव रचला. पुण्यात काम करून पैसे साठवायचे, मग कोरियात जाऊन 'बीटीएस' या सात गायकांच्या गटाला भेटायचे, हा त्यांचा बेत! पुण्याच्या बसमधून निघालेल्या त्या मुली मोहोळच्या स्थानकावर सुखरूप सापडल्या. त्या बातमीवर अनेकजण हसले. मला मात्र हसू आले नाही.

मग दोष कशाचा? कल्पनेचा म्हणावा, तर संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात लिहितात की, शाळकरी वयात ते काव्यातील डायडो राणीच्या मरणाने रडत असत. त्यांची खंत तिच्यासाठी अश्रू ढाळल्याची आहेच, पण त्याहून मोठी खंत त्याच वेळी स्वतःच्या अवस्थेकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिल्याची आहे.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना वाचलेला एक दृष्टान्त मला येथे अधिक उपयोगी वाटतो. द्राक्षारस आपल्याला आवडतो, पण त्याच्याशी कोणी मैत्री करीत नाही, असे तो म्हणतो. द्राक्षारस उलट प्रेम करीत नाही, आणि त्याचे भले व्हावे अशी इच्छा धरणेही हास्यास्पद. फार तर तो नासू नये, म्हणजे आपल्याला पिता येईल, एवढेच आपण इच्छितो.

मार्च २०२४ मध्ये 'एस्पा' गटातील करीना या कोरियन गायिकेने एका नटाशी जुळलेल्या नात्याबद्दल चाहत्यांची स्वहस्ते पत्र लिहून क्षमा मागितली. रागावलेल्या चाहत्यांनी तिच्या कंपनीच्या दारात फलक लावलेला ट्रक उभा केला होता. काही आठवड्यांतच ते नाते संपल्याचे जाहीर झाले. तेवीस वर्षांच्या मुलीने प्रेम केले म्हणून क्षमा मागायची! त्या चाहत्यांना ती सुखी व्हायला नको होती. ती त्यांच्यासाठी जशीच्या तशी टिकायला हवी होती. याला ते प्रेम म्हणत असतील, पण हा तर द्राक्षारसाचाच न्याय झाला.

या दृष्टीने मी ती वही पुन्हा वाचली. नायक दिसायला देखणा, पण निव्वळ कळसूत्री बाहुला. नायिकेला जे ऐकायचे असते तेच तो बोलतो. एकदाही 'नको' म्हणत नाही. त्या दोन मैत्रिणी मात्र जिवंत उतरल्या आहेत! रिक्षाच्या वीस रुपयांवरून त्यांचे भांडण, एकीच्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा दुसरीने न सांगता भरलेली क्लासची फी, हे सारे सोसलेल्या हाताने लिहिलेले आहे. प्रेमाला प्रेमाचे उत्तर त्या कथेत केवळ या दोघींतच मिळते, आणि लेखिकेला त्याचा पत्ताच नसावा. उमरग्याच्या त्या मुलीही, लक्षात घ्या, एकटी एकटी नव्हे, तिघी मिळून निघाल्या होत्या.

मातेला मी सांगितले की, वही जप्त करू नका; जमल्यास मुलीबरोबर बसून वाचा. त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही. मुलीला मात्र एकच प्रश्न विचारला, "त्याला बोंबील आवडलाच नसता तर?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, फादरना कथेतले काही कळत नाही.

पंधरा दिवसांनी मिस्सानंतर ती दारात थांबली होती. तिने ते प्रकरण नव्याने लिहिले होते. आता त्याला बोंबलाचा वासही सहन होत नाही. त्यापुढे कथा अडली आहे, असे ती म्हणाली. त्याला नेमके काय हवे आहे, हेच तिला ठाऊक नाही.