विस्मयाचे दायित्व

मैफलीत विस्मयाला मोठे स्थान आहे, हे सर्वच रसिक मान्य करतात. परंतु विस्मय घडवण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या अधिकाराबरोबर कोणते दायित्व येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समेवर येताना गायकाने दिलेली अनपेक्षित कलाटणी हा एक विस्मय होय. श्रोत्याच्या ध्यानीमनी नसलेला राग, गीतप्रकार वा वाद्य त्याच्यापुढे ठेवणारा योजक जो विस्मय घडवतो, तो दुसरा. पहिला कलेच्या अंतर्गत व्यवहाराचा भाग आहे. दुसऱ्यात एक माणूस दुसऱ्याच्या रुचीविषयी निर्णय घेत असतो. म्हणून तो नीतिविचाराचाही विषय ठरतो.

मोजक्या वादकांनी मोजक्या श्रोत्यांसाठी दालनात वाजवण्याच्या संगीताची युरोपातील परंपरा जुनी आहे. तिचे उन्हाळी महोत्सव विसाव्या शतकात ठिकठिकाणी भरू लागले. ऑस्ट्रियातील लॉकेनहाउस या लहानशा गावी व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या महोत्सवात कोणत्या दिवशी काय वाजणार, हे पुष्कळदा आयत्या वेळी ठरत असे. तेथे ही गोष्ट बंडखोरीची वाटली. आपल्याकडील बैठकीचा तो सहजधर्म होता. तानपुरे जुळल्यावर, समोरचे श्रोते आणि स्वतःचा गळा यांचा अदमास घेऊनच गायक राग निवडी. असे असूनही आजच्या मैफलीत काय ऐकायला मिळणार, याचा अंदाज बांधणे अवघड नसते. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतो आणि रात्री संपतो. म्हणून पूरिया, यमन, बागेश्री, दरबारी यांची आवर्तने होतात आणि शेवटी, वेळेचे सारे संकेत बाजूला सारून, भैरवी येते. तोडी क्वचित कानी पडते. भर दुपारचा सारंग आणि उतरत्या उन्हाचा मुलतानी यांना तर मैफलीत जागाच उरत नाही. त्यांना कोणी बहिष्कृत केलेले नाही. श्रोत्यांच्या नोकरीच्या आणि सभागृहांच्या वेळांनी त्यांना मुकाट्याने वगळले आहे.

या प्रश्नाचा विचार करताना लखनौचे स्मरण अपरिहार्य ठरते. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. चौथी आणि पाचवी परिषद लखनौला झाली आणि त्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. कैसरबागेतील ज्या परीखान्यात नवाब वाजिद अली शाह यांच्या काळात गाणे आणि नृत्य शिकवले जाई, त्याच वास्तूत पुढे ही संस्था नांदू लागली. भातखंडे विद्यापीठ म्हणून ती आजही तेथेच आहे. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले, नवाब कलकत्त्याला गेले आणि गुणिजनांचा आश्रय तुटला. त्यानंतर सत्तर वर्षांनी एका मराठी माणसाच्या प्रेरणेने त्याच शहरात संगीताला वर्ग, फळा आणि पाठ्यपुस्तक मिळाले.

यामागे दुर्मिळ ते उघड करण्याची एक ठाम भूमिका होती. घराण्यांच्या व्यवहारात अनवट राग हे धन होते. ते जपले जाई, मोजून दिले जाई आणि कधी मैफलीत रागाचे नावही सांगितले जात नसे. अशा गायनाने थक्क झालेला श्रोता गायकाचे मोठेपण मनात घेऊन घरी जाई; राग मात्र त्याच्या हाती लागत नसे. या गुप्ततेला केवळ कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि निवृत्तिवेतन नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली चीज हाच एक आधार असतो. भातखंड्यांनी उस्तादांकडून मिळवलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीसह क्रमिक पुस्तक मालिकेत छापल्या, तेव्हा समाजाला जे मिळाले त्याची दुसरी बाजू कोणाची तरी मिरास सार्वजनिक होणे ही होती. हे ऋण मान्य केल्याशिवाय त्या कार्याचे नैतिक मोल नीट मापता येत नाही.

तरीही या दोन भूमिकांतून विस्मयाचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक विस्मय श्रोत्याला लहान करतो. तो अज्ञानावर जगतो आणि अज्ञान टिकवतो. दुसरा श्रोत्याची कक्षा वाढवतो. ऐकलेल्या गोष्टीकडे पुन्हा स्वतःच्या पायांनी जाण्याचा मार्ग त्याला दाखवतो. योजकाच्या निवडीची कसोटी येथेच लागते. अपरिचित गोष्ट ऐकवली, एवढ्याने त्याचे काम होत नाही. ऐकणाऱ्याला ती पुढे परिचित करून घेता येईल का, हे त्याने पाहिले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. राग पुस्तकात आला, त्याचे वादी-संवादी ठरले, त्याची वेळ कोष्टकात बसली, की विस्मय मावळतो, असे म्हटले जाते. हा आक्षेप विस्मयाचे स्वरूप न ओळखल्यामुळे निर्माण होतो. ज्याची काहीच अपेक्षा नाही, त्याला चकित करता येत नाही. फार तर गोंधळात टाकता येते. हायडनच्या १७८१ मधील एका स्ट्रिंग क्वार्टेटचा शेवट मध्येमध्ये थबकतो. रचना संपली असे वाटते तोच पुन्हा सुरू होते. तेथे हसू येते ते शेवट कसा व्हावा हे कानाला आधीच ठाऊक असलेल्या माणसालाच. सम कोठे आहे हे जाणणाराच तिहाईच्या हुलकावणीने हलतो. तानसेन घडवणे कोणाच्या हातचे नाही, कानसेन मात्र घडवता येतात. आणि विस्मयाचा खरा अधिकारी कानसेनच असतो. शाळा आणि मैफल या अर्थाने परस्परांच्या वैरी नाहीत.

लखनौच्या संस्थेचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. प्रत्येक निवड ही एक गाळणीही असते. ध्रुपद आणि ख्याल यांना पाठ्यक्रमात मध्यवर्ती स्थान मिळाले. ज्या ठुमरीने या शहराचे नाव देशभर नेले, ती मात्र दीर्घकाळ प्रतिष्ठेच्या कडेला राहिली. कारण ती गाणाऱ्या स्त्रियांकडे नवा मध्यमवर्ग संकोचाने पाहत होता. पुढे बेगम अख्तर यांनी याच महाविद्यालयात अध्यापन केले, तेव्हा वगळलेले काहीतरी परत घरी आले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या दीर्घ प्राचार्यपदाच्या काळातही असे दरवाजे उघडत राहिले. त्यांनी कर्नाटक परंपरेतील वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत रचना केल्या. सातारा जिल्ह्यातून आलेल्या वि. गो. जोगांनी तेथे व्हायोलिन शिकवले. पाश्चात्त्य दालनसंगीताचे हे प्रमुख वाद्य त्यांच्या हाती गायकीच्या अंगाने बोलू लागले आणि पुढे बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईच्या जोडीलाही बसले.

कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’सारख्या कार्यक्रमांत एकेका ऋतूभोवती राग आणि लोकगीते एकत्र गुंफली, तेव्हा त्यांनीही हेच केले. नवे म्हणून जे समोर आले, ते वस्तुतः जुने आणि विसरलेले होते. मे महिन्यात, लू वाहत असताना, लखनौतील एखाद्या जुन्या कोठीच्या जाड भिंतींआड पन्नास माणसांपुढे भर दुपारी सारंग गायला जावा, याहून अनपेक्षित कार्यक्रम आज सुचवणे कठीण आहे. आणि याहून परंपरानिष्ठही नाही. सवयीलाच परंपरा मानण्याची चूक समाज करतो, तेव्हा परंपरेचे स्मरणही धक्का वाटू लागते.

योजक हा श्रोत्यांच्या रुचीचा सेवक नव्हे आणि तिचा स्वामीही नव्हे. तो विश्वस्त आहे. ठेव मागण्याचे भान ज्यांना उरलेले नाही, त्यांनाही ती परत करणे हे विश्वस्ताचे काम असते. ती हाती पडते तेव्हा माणूस चकित होतो; पण ती मुळात त्याचीच असते.