भार नसलेला खांब

खोटे बोलण्याचे पाप माणसालाच लागते, लाकडाला नाही, असे आपण धरून चालतो. तरीही काही महिने एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे : ज्यावर कसलाही भार नाही असा खांब उभा करणे हे खोटे आहे काय?

मी अंधेरीत राहतो. आमच्या पलीकडे जोगेश्वरीच्या बाजूला, ओशिवऱ्यात, जुन्या लाकडी सामानाचा बाजार आहे. खुर्च्याकपाटांबरोबर उतरवलेल्या घरांचे सागवानी खांबही तेथे भिंतीला टेकून उभे असतात. ते नेणारे बहुधा घर बांधीत नाहीत. कुठल्याशा उपाहारगृहात काँक्रीटच्या छताखाली खांब उभा राहतो. वर बोटभर फट राहिली तर ती पट्टी मारून बुजवतात. चहा पिणाऱ्याला वाटते, छत यानेच तोलले आहे.

वाड्यात तसे नसे. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबावर तुळई. दोन खांबांमधला तो खण, आणि घर केवढे हे खणांनी सांगायचे. भिंत पुष्कळदा नुसती पोकळी भरणारी. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, त्यांनीच माणसे घेतली. पण आतला लाकडी सांगाडा कितीतरी घरांत उभा होता.

विलायतेतील जुनी लाकडी घरे याच कुळातली. ओक ओला असतानाच तासायचा, सुताराच्या आवारात सांधे जुळवायचे, प्रत्येक तुकड्यावर खुणेचे आकडे कोरायचे, मग सगळे सोडवून जागेवर लाकडी खुंट्यांनी पुन्हा उभे करायचे. चेशायरमधल्या लिटल मोर्टन हॉलवर सोळाव्या शतकात वर आणखी एक लांबलचक दालन चढवले. त्याच्या दगडी छपराने खालचा सांगाडा वाकला. तो वाक आजही दिसतो, आणि घर उभे आहे. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान त्याच इंग्रजांनी लंडनच्या उपनगरांत विटांच्या भिंतींवर काळ्या फळ्या ठोकून हीच शोभा आणली. उपनगर म्हटले की ही हौस येतेच की काय, कोण जाणे!

इतके लिहून मी निकाल दिला असता. पण कार्ले आडवे आले. तेथल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी आहेत. त्या काहीही तोलीत नाहीत. वर अखंड डोंगर आहे. त्याला लाकडाच्या आधाराची काय मातब्बरी? त्या कमानींना खोट्या म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. आत शिरणाऱ्याला आपण डोंगराच्या पोटात आहोत हे पक्के ठाऊक असते. लाकडी मंडपाची आठवण तेथे उघडपणे ठेवली आहे; फट बुजवलेली नाही. तेव्हा भार नसणे हा दोष नव्हे, तो असल्याचा बहाणा करणे हा दोष, अशा मतापर्यंत मी आलो आहे. ओशिवऱ्याचा खांब कोणी छतापासून हातभर खाली ठेवून उभा केला, तर माझी तक्रार उरणार नाही.

हा सारा खल निव्वळ करमणुकीचा नाही. सातारा जिल्ह्यातले आमचे घर दिवाळीनंतर उतरवायचे आहे. धाकट्या चुलतभावाने फोनवर विचारले, ‘‘दादा, आठ खांब चांगले निघतील. मुंबईचा व्यापारी न्यायला तयार आहे. गावातला एक जण गोठ्यासाठी मागतोय, पण तो निम्मेच देईल. काय करू?’’ मी तत्काळ म्हटले, गोठ्याला दे; तिथे ते काम करतील. तो ‘‘बरं’’ म्हणाला. थोरल्याशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

फोन ठेवल्यावर हिशेब मनात आला. त्या घरी मी गणपतीला जातो, दोन दिवस राहतो. पावसाळ्याआधी कौले चाळणे, वाळवीवर औषध मारणे, घरपट्टी भरणे, हे वर्षानुवर्षे त्याने केले. मुलीच्या शिक्षणाचे कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. खांबांच्या सचोटीबद्दलचे मत माझे, आणि त्याची किंमत मोजणार तो.

दोन भावांतला जो फरक पडेल त्यातला निम्मा मी देईन, असे मी त्याला कळवले आहे. निम्माच का, हे त्याने अजून विचारलेले नाही.