पटासमोरचा शेजारी

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:१-८, २ योहान १२

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांना जखऱ्या संदेष्ट्याने भावी यरुशलेमेचे जे चित्र दाखविले, त्यात सैन्य नाही आणि सोन्याची भांडारेही नाहीत. वार्धक्यामुळे हाती काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या चौकांत बसल्या आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत, एवढेच. मंदिराचे काम अद्याप अपुरे असताना देवाने आपल्या कृपेची खूण म्हणून खेळ दाखवावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

येथे खेळण्यासाठी 'साहक' हे इब्री क्रियापद आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात सृष्टीच्या आरंभी ज्ञान देवासमोर जे करते त्यासाठी हेच क्रियापद आले आहे. कोशापुढे नाचणाऱ्या दावीदाने मीखलला दिलेल्या उत्तरातही तेच आहे (२ शमुवेल ६:२१). भाषांतरात आपण एके ठिकाणी 'खेळणे' तर दुसरीकडे 'हर्ष करणे' असे शब्द योजतो. तसे करणे भागच असते, परंतु त्यामुळे एक नाते वाचकाच्या दृष्टीआड होते. ज्ञान देवासमोर खेळते, दावीद परमेश्वरासमोर, आणि यरुशलेमेची मुले वृद्धांच्या डोळ्यांदेखत. खेळणारा कोणाच्या तरी समोर असतो.

मी राहतो त्या भिलाईच्या नेहरू नगरात हे 'समोर' दुर्मीळ होत चालले आहे. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून, आपल्या विदर्भातूनही, माणसे येथे आली. त्यांच्यातील पुष्कळ जण आता निवृत्त आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, समुद्रापलीकडे. कॅरमचा बोर्ड कपाटामागे उभा असतो आणि आजोबा खिडकीशी बसून मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. एकटेच.

यंत्र खेळात माणसाहून वरचढ आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला हरविले. आज खिशातला फोनही त्याहून सरस खेळतो. तरीही जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी जॉर्जियातील बाटुमी येथे एका पटाच्या दोन बाजूंना बसल्या. अचूक चाल यंत्राला ठाऊक होती, पण तिथे ते विचारण्याची दोघींनाही मुभा नव्हती. जिंकल्यावर दिव्या आईला बिलगून रडली.

यंत्राचे बळ आपण आपल्या सोयीने कमी करतो. चूक झाली की चाल मागे घेतो, कंटाळा आला की बंद करतो. शेजाऱ्याला असे कमीजास्त करता येत नाही. तो उशिरा येतो, स्ट्रायकर ठेवायला वेळ लावतो, राणीवरून हुज्जत घालतो. आणि तोच मध्येच थांबून विचारतो, "भाऊसाहेब, आज हात का थरथरतोय तुमचा?" फोनला तो कंप केवळ चुकलेला स्पर्श वाटला असता.

आपल्या वडीलधाऱ्यांना फासे आणि पत्ते यांचे वावडे होते. वधस्तंभाखाली सैनिकांनी प्रभूच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या, हे ते विसरले नव्हते, आणि त्यांची भीती अनाठायीही नव्हती. २०२३ साली महादेव नावाच्या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात आमच्या भिलाईचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. मला त्यात एक गोष्ट ठळक दिसते : त्या पडद्यावर हरणाऱ्याचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता. ज्याच्या बायकोच्या हातचा चहा आपण आताच घेतला, त्याचे घर बुडविणे अधिक कठीण असते.

आता तर बोलणारे यंत्र आले आहे. ते रात्री दोन वाजताही सांत्वन करते. त्याची मी टवाळी करणार नाही. शब्दांचे अर्थ ताडून पाहताना त्याचे साहाय्य होते. परंतु योहानाचे दुसरे पत्र उघडा. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको. आपला आनंद पूर्ण व्हावा म्हणून प्रत्यक्ष येऊन बोलू, असे तो कळवितो. मूळ ग्रीकमध्ये 'तोंडाशी तोंड' अशी शब्दरचना आहे. परमेश्वर मोशेशी कसा बोलतो हे सांगतानाही शास्त्र हीच शब्दरचना वापरते (गणना १२:८). ज्याचे पत्र पवित्र शास्त्रात समाविष्ट झाले, त्यालाही पत्र अपुरे वाटले!

म्हणून रविवारची उपासना संपताच चपला शोधण्याची घाई करू नका. कपाटामागचा बोर्ड बाहेर काढा. चौघांच्या डावासाठी तिघे सहज मिळतील. चौथ्यासाठी, नाताळच्या कॅरोलनंतर ज्याच्या दाराची घंटा कोणी वाजविली नाही, त्याच्याकडे जा. पावडर त्याच्याकडे नसेल. ती बरोबर न्या.