शाळा सोडल्याचा दाखला

गेल्या पावसाळ्यात आईला नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस ठेवावं लागलं. रामदासपेठ ही मूळची बंगल्यांची वस्ती. आता बंगल्यांच्या जागी हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी आणि रात्रभर उघडी असणारी औषधांची दुकानं आली आहेत. दिवसा या भागात डॉक्टर, पेशंट आणि गाड्या लावायला जागा शोधणारे नातेवाईक दिसतात. रात्री तो आया-मावश्या, वॉर्डबॉय आणि सिक्युरिटीवाल्यांचा असतो. अडीच-तीनच्या सुमारास सलाइन बदलून झालेलं असतं आणि पुढची घंटी वाजायला वेळ असतो. त्या फटीत कोणी डुलकी काढतं, कोणी मोबाइल बघतं. आमच्या मजल्यावरच्या मावशी भिंतीला टेकून एक जाडसर पुस्तक वाचायच्या. पहिल्या रात्री मला वाटलं, पोथी असेल. दुसऱ्या रात्री पाहिलं, तर दहावीच्या बीजगणिताचं नवनीत होतं.

"लेकीचं का?"

"नाही जी भाऊ, माझंच. सतरा नंबर भरून राहिली."

त्यांचं वय अडतीस. शिक्षण आठवी पास, नववी अर्धी. कारण त्यांनी फार न रंगवता सांगितलं. हाऊसकीपिंगच्या सुपरवायजरची जागा निघाली आणि ती बावीस वर्षांच्या एका पोराला मिळाली. पेशंट पलंगावर असताना त्याच्या खालची चादर कशी बदलायची, हे त्या पोराला मावशींनीच शिकवलेलं. पण तो दहावी पास. "आता तो मले सांगते, चादर कशी टाकाची."

अंकगणिती श्रेढीचं एक उदाहरण त्यांना अडलं होतं. पहिल्या महिन्यात 100 रुपये, मग दर महिन्याला 10 रुपये वाढवत बचत केली, तर वर्षाची एकूण बचत किती? मी कागद शोधेपर्यंत मावशींचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. चार बोटं, बारा पेरं, बारा महिने. "बारा शेकडे बाराशे. वरचे दहा, वीस, तीस, असे एकशेदहापर्यंत... सहाशे साठ. अठराशे साठ." उत्तर बरोबर होतं. बचतगटाचा हिशेब त्या कित्येक वर्षं ठेवत आल्या आहेत. मग अडलं कुठे? "उत्तर येते जी. पण सूत्र नाही लिहिलं तं मार्क कापते म्हणते." आणि त्या पुन्हा ते सूत्र, त्यातल्या n आणि d सकट, मंत्रासारखं पुटपुटायला लागल्या.

त्या अकरा रात्री मी बराच विचार केला, आणि तो दरवेळी या एका दृश्यापाशी येऊन थांबला. बाईला हिशेब येतो, तरी तो येत असल्याचं तिला पंधरा वर्षांच्या मुलाच्या भाषेत सिद्ध करावं लागतं.

ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो, सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांचा अर्ज. दहावीसाठी पाचवी पास असलं आणि वयाची 14 वर्षं पूर्ण असली की भरता येतो. वरच्या वयाची अट नाही. अर्ज भरला की एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तोंडी आणि प्रात्यक्षिक तिथे, लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये चारचौघांसारखी, पासाला तेच 35. ऐकायला सरळ वाटतं. पण कागदपत्रांच्या यादीत पहिलाच कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आमच्याकडच्या बोलीत टीसी.

यातली गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपण सगळे या दाखल्यासोबतच वाढलो. शाळेत परत जायचं, तर शाळा सोडली होती हे आधी सिद्ध करायचं! मावशींची टीसी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणजे एक सुटी, एसटीचं भाडं, आणि तिथले गुरुजी दाखल-खारीज रजिस्टर काढून देतील की "उद्या या" म्हणतील याची धाकधूक. पहिल्यांदा घेतलेला दाखला लग्नाच्या वेळच्या कागदांत हरवला, म्हणून दुसरी प्रत, म्हणून प्रतिज्ञापत्र. त्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेल्यांची एक वेगळी जमात आहे. त्यांना आईने आपापल्या वेळी जन्म दिला, पण तारीख दिली हेडमास्तरांनी. आणि नाव अर्थातच माहेरचं. वीस वर्षं ज्या नावाने पगार घेतला, रेशनकार्ड काढलं, ते नाव परीक्षेच्या प्रवेशपत्रावर नाही. तिथे वडिलांचं नाव लावलेली, दोन वेण्यांची कोणीतरी मुलगी आहे. मावशींना त्या मुलीच्या वतीने पेपर द्यायचा आहे.

मोठ्या माणसांसाठी शाळेची वेळ बदलावी लागते, हे आपल्याकडे फार लवकर उमगलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली ती 1855 मध्ये. पुढे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 मध्ये स्थापली. वर्षभराने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, तेव्हा तिथले वर्ग सकाळी ठेवले, कारण पोरं दिवसा नोकऱ्या करणारी होती. दीक्षाभूमी इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जाताना मला पुतळ्यापेक्षा हे वेळापत्रक जास्त आठवतं. कामगाराने शिक्षणाच्या वेळेला यावं असं न म्हणता शिक्षणाने कामगाराच्या वेळेला यावं, असं म्हणणारी ही तीन माणसं. त्यांच्या मागे मुंबईत गिरणगावाच्या आधाराने रात्रशाळा वाढल्या. आता त्या रोडावल्या. 2017 च्या मे महिन्यात सरकारने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केलं, तेव्हा तर काही वर्गांत फळा होता आणि शिकवणारं कोणी नव्हतं. निकिता केतकर यांची 'मासूम' ही संस्था 2008 पासून या शाळांना वह्या, प्रयोगाचं सामान, संध्याकाळचा खाऊ पुरवते आहे. दिवसभर राबून आलेल्या पोराला साडेसहाला भूमितीआधी पोटात काहीतरी हवं असतं, ही साधी गोष्ट कळायला आपल्याला दीडशे वर्षं लागली.

पण वेळ बदलली तरी पुस्तक तेच राहिलं. मोजपट्टीही तीच.

बरं, ही मोजपट्टी लागते कुठे? जवळपास सगळीकडे. दहावी पास नसलेल्या माणसाचा पासपोर्ट सामान्यतः 'ईसीआर' प्रकारात मोडतो. म्हणजे आखातासारख्या ठरावीक देशांत मजुरीला जायचं, तर आधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यायची. हेतू चांगला आहे, अडाणी माणसाला दलालाने फसवू नये. पण दुबईत फसायचं की नाही हे वर्गसमीकरणावर कसं ठरतं, ते मला कळलेलं नाही. उलट बाजूचंही उदाहरण आहे. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती. 2019 मध्ये केंद्राने ती काढून टाकली, कारण ट्रक चालवायला माणसं मिळेनात. आठवी न शिकलेला माणूस ट्रक चालवू शकतो, हा शोध रातोरात लागला नव्हता. गरज सरकारला पडली तेव्हा फाटक उघडलं. मावशींची गरज मावशींनाच आहे, त्यामुळे फाटक जिथल्या तिथे.

अमेरिकेने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. 1942 मध्ये, युद्धात गेलेल्या ज्या पोरांची शाळा अर्धवट सुटली होती, त्यांच्यासाठी जीईडी नावाची परीक्षा काढली. अमुक पुस्तक वाचलं का, असं न विचारता तुम्हाला काय येतं ते दाखवा, असा तिचा रोख. सैन्यात नकाशा वाचायला शिकलेल्या माणसाला भूगोलाच्या धड्याखालचे प्रश्न का विचारायचे? कल्पना चोख होती. पण पन्नास वर्षांनी जेम्स हेकमन यांनी आकडे तपासले. पुढे 2000 मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेच हे. जीईडी झालेल्यांची कमाई शाळा पूर्ण करणाऱ्यांपेक्षा शाळा सोडणाऱ्यांच्या जवळ जाणारी आहे, असं त्यांना दिसलं. बुद्धी सारखीच असते, पण शाळेत टिकून राहायला जी चिकाटी लागते ती या परीक्षेत मोजली जात नाही, असं त्यांचं निदान.

हेकमन यांच्या आकडेवारीशी मी भांडणार नाही. पण रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी, घरी जाऊन दोन घरचे डबे, दुपारी तीन तास झोप आणि मग अंकगणिती श्रेढी, असा दिवस काढणाऱ्या बाईत चिकाटी कमी आहे, असं म्हणायला ओठ उघडत नाहीत. तिने शाळा सोडली ती चिकाटीअभावी नव्हे. त्या वर्षी कापूस वेचायला हात कमी पडत होते.

आता प्रश्न असा, की असा माणूस समोर आला की आपण त्याला कोणती वाट दाखवतो? बहुतेक जण सतरा नंबरच सांगतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था 1989 पासून आहे. तिथे एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, पासाला 33, आणि पाच विषय निवडताना गणित घेतलंच पाहिजे असं नाही. आपल्या राज्य मंडळाचंही मुक्त विद्यालय आहे. मावशींनी यातलं काही ऐकलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे जरा नाराजीनेच पाहिलं. "गणित सोडून दहावी? मंग तो पोरगा म्हणन, मावशीनं सोपी दहावी केली."

मी गप्प बसलो. एवढा वेळ मी दहावीच्या मोजपट्टीला नावं ठेवत होतो, आणि जिच्यासाठी ठेवत होतो तिला तीच मोजपट्टी हवी होती. तिला सवलत नको होती. त्या पोराच्या हातात जो कागद आहे, तोच तिला हवा होता, इंचभरही कमी नाही. प्रौढांसाठी वेगळी, त्यांच्या जगण्याला धरून असलेली परीक्षा असावी, असं मला आजही वाटतं. पण ती निघेल त्या दिवशी तिला 'मावश्यांची दहावी' म्हणून नाक मुरडणारे आपणच असू, हेही दिसतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016 मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यांतल्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवतात, तेव्हा सगळा देश कौतुक करतो. करावंच. आजी कोणाच्या जागेवर हक्क सांगत नाही. अडतिसाव्या वर्षीची दहावी मात्र सुपरवायजरच्या खुर्चीकडे बघते, म्हणून तिला विचारतात, "आता शिकून काय करणार?"

दर निकालाला वर्तमानपत्रांत माय-लेकाने एकत्र दहावी काढल्याचा फोटो येतो. पुण्यात एका वर्षी तर बाप पास झाला आणि मुलगा राहिला. तेव्हा घरात पेढे वाटायचे की नाही, याचा पेच पडला असेल. मावशींना मी हे सांगितलं, तर त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की सिस्टर बाहेर आल्या.

फेब्रुवारीत आईला फेरतपासणीला नेलं. मावशी भेटल्या. टीसी मिळाली होती, अर्ज वेळेत गेला होता. दाखल्याचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची विनंती. "माह्या बापानं काहीच विनंती नव्हती केली," त्या म्हणाल्या, "आमी तं नुस्तं जाणं बंद केलं."

मग पॅन्ट्रीच्या दाराआड लावलेला ड्यूटीचा तक्ता दाखवला. पेपरांच्या आदल्या रात्री मोकळ्या राहाव्या म्हणून मार्चमधल्या सात नाइट त्यांनी दुसऱ्या मावश्यांशी बदलून घेतल्या होत्या. फुकट नाही. त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने सात फुल्या होत्या, एप्रिल ते जून. प्रत्येक फुली म्हणजे कोणाच्या तरी वाट्याची एक रात्र, परत द्यायची.