संमतीचा मार आणि अमानत

दोन माणसांनी एकमेकांना मारण्यास राजीखुशीने संमती दिली, म्हणजे तो मार निर्दोष ठरतो काय? रस्त्यावर मारलेला ठोसा गुन्हा ठरतो. तोच ठोसा दोरांनी आखलेल्या चौकोनात, पंचांसमोर मारला की टाळ्या पडतात. हौशी मुष्टियुद्धाचा विचार करताना हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही.

कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण होते. खेळ नेकीने चालला असताना एखाद्याला इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे. मात्र मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू अथवा तशी जाणीव नसावी आणि संमती देणारा अठरा वर्षांवरील असावा. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हे तत्त्व कायम राहिले.

पण हौशी मुष्टियुद्धात उतरणारी कितीतरी मुले अठराच्या आतली असतात. चौदा वर्षांचा मुलगा ‘मला खेळायचंय’ म्हणतो, तेव्हा त्याला पदक दिसते, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी दिसते. मेंदूला बसणारा हादरा दिसत नाही. मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल आणि मंदावलेली बुद्धी यांकडे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्ये वैद्यकाचे लक्ष वेधले. हौशी खेळात फेऱ्या कमी, म्हणून धोकाही कमी. पण नाहीच असे नव्हे. जे नुकसान वर्षांनंतर उमटायचे, त्याला आज दिलेली संमती कितपत खरी?

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुहंमद अली आपल्या घराघरांतला लाडका. १९६० मध्ये रोमला त्याने हौशी खेळाडू म्हणूनच सुवर्णपदक जिंकले. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. तो ठोशांमुळेच जडला का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण त्याचे थरथरते हात साऱ्या जगाने पाहिले. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. दुसरीकडे, चेहऱ्यावर वार करू नये, अशी हदीसची शिकवण आहे आणि मक्केच्या राबितातुल आलमिल इस्लामीच्या फिकह मंडळाने १९८७ मध्ये मुष्टियुद्ध नाजायज ठरवले. आम्ही मुफ्ती नाही. फतवा देणे आमचे काम नव्हे. पण शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण सारेच मानतो. मुलाच्या बाबतीत ती अमानत त्याला रिंगणात उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती असते.

मग बंदीच घालावी काय? आइसलंडने १९५६ मध्ये मुष्टियुद्ध पूर्ण बंद केले आणि २००२ मध्ये हौशी प्रकार पुन्हा खुला केला. स्वीडनने १९७० मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली, हौशी मात्र चालू ठेवले. बंदीने मारामारी संपत नाही, ती डॉक्टर नसलेल्या जागी जाते, असे आम्हांला वाटते. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या एका स्पर्धेत कोसळलेला तरुण दगावला. तिथे वैद्यकीय सोय पुरेशी नव्हती, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली.

नियमन म्हणजे केवळ साहित्य नव्हे. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून शिरस्त्राण आले, २०१६ मध्ये पुरुषांसाठी ते काढले गेले. कातडी फाटणे त्याने कमी होते. कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. खरे रक्षण होते ते लढतीपूर्वीच्या तपासणीने, पंचांनी वेळेवर लढत थांबवल्याने आणि बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला सक्तीची विश्रांती दिल्याने. या साऱ्यासाठी ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस लागतो. डॉक्टरचे मानधन आयोजकाच्या खिशातून येत असेल, तर भरल्या मैदानात तो अंतिम सामना कसा थांबवणार?

म्हणून सरकारचा हात इथे हवा. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मुख्यतः राष्ट्रीय संघटनांच्या कारभारासाठी आहे. तालुक्याच्या मैदानात उभारलेल्या रिंगणाची काळजी राज्याने घ्यायला हवी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजू नये, म्हणून नियम आहे. मुलाच्या डोक्यासाठीही तितकाच ठाम नियम असावा. डॉक्टर आयोजकाने नव्हे, जिल्हा प्रशासनाने नेमावा. रुग्णवाहिका दारात नसेल, तर घंटा वाजू नये. प्रत्येक दुखापतीची नोंद मुलाबरोबर स्पर्धेगणिक फिरावी.

इतक्या अटींनी गरीब वस्तीतली तालीम बंद पडेल, अशी हरकत कुणी घेईल. ती खोटी नाही. पण जे सरकार पदकवाल्याचा सत्कार करते, त्यानेच पदक न मिळालेल्यांच्या डॉक्टरचा खर्च उचलावा.

आणि शेवटी आम्ही शिक्षक. संमतिपत्रावर पालकांची सही आणवण्याचे काम शाळेकडेच येते. फक्त उर्दू वाचणाऱ्या बापापुढे इंग्रजी फॉर्म ठेवून घेतलेली सही ही संमती नव्हे. फॉर्म त्याच्या भाषेत असावा, धोका स्पष्ट लिहिलेला असावा आणि ‘नको’ म्हणणाऱ्या आईला कुणी मागासलेली ठरवू नये.