देवाचा पलंग आणि अखंड बातमी

१ जून १९८० रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरातून सीएनएन ही चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी सुरू झाली. जगाचा अंत होईपर्यंत प्रक्षेपण थांबणार नाही, असं संस्थापक टेड टर्नर यांनी जाहीर केलं होतं. त्या अखेरच्या क्षणासाठी लष्करी बँडने वाजवलेल्या एका ख्रिस्ती प्रार्थनागीताची चित्रफीतही तयार ठेवली गेली. प्रार्थनेला जागा मिळाली, पण सगळं संपल्यावरची.

दुसऱ्याचं दुःख अखंड पाहत राहिल्याने करुणा वाढते, की थकते?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि तेव्हापासून जवळपास साठ तास महाराष्ट्र टीव्हीसमोर खिळून होता. मराठीतल्या चोवीस तास वाहिन्या तेव्हा नव्याच होत्या. ‘स्टार माझा’ जेमतेम दीड वर्षाची. २८ तारखेच्या सकाळी हल्लेखोर दडलेल्या नरिमन हाऊस या इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो उतरले, तेही थेट दिसलं. हल्ल्याचं प्रक्षेपण पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याच्या खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५मध्ये नियमच बदलला: दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

नियमाने पडद्याला थोडी उसंत दिली. पाहणाऱ्याच्या मनाचं काय?

सांख्य दर्शनातला पुरुष साक्षी असतो. तो पाहतो, पण ढळत नाही. बातम्या पाहणाऱ्याच्या पोटात मात्र कालवतं, आणि हात रिकामेच राहतात. बौद्ध विचारात करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही इच्छा. ती कृतीकडे ओढ घेते. कृतीला वाव नसताना एकामागून एक दुःख समोर येत राहिलं, की मन स्वतःला वाचवण्यासाठी दगड होतं. अशा माणसाला निर्दय ठरवणं अन्यायाचं आहे. त्याने टीव्ही बंद करून शांत बसणं म्हणजे दुःखितांकडे पाठ फिरवणंही नव्हे.

अखंड दुःख ऐकणाऱ्यालाही विश्रांती लागते, हे पंढरपूरला ठाऊक आहे. एरवी विठ्ठलाचा दिवस काकडआरतीने उजाडतो आणि शेजारतीने मिटतो. आषाढी यात्रेसाठी मात्र देवाचा पलंग काढतात, पाठीशी मऊ लोड देतात आणि रात्रंदिवस दर्शन सुरू राहतं. लाखोंची गाऱ्हाणी ऐकत देव उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि थांबलेली शेजारती त्या रात्री पुन्हा सुरू होते.